शिळा नकार

आवटींच्या घरात पाण्याला मुदत असे. तिला ते ‘मर्यादा’ म्हणत. रत्नमालाबाई दुपदरी फडक्यातून पाणी गाळून माठात भरत, आणि मर्यादा संपली की ते कितीही नितळ दिसत असलं तरी पुन्हा गाळल्याशिवाय घोटभरही तोंडात घालत नसत. उकळलेल्या पाण्याची मर्यादा जास्त, पिठाची वेगळी, मसाल्याची आणखी वेगळी. सांगलीकडच्या जैन घरांतून हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. त्यांची एकुलती एक लेक त्रिशला लहानपणी या प्रकाराला फार वैतागायची. मोठी होऊन ती इंजिनिअर झाली, आणि दिवसभर बसून मर्यादाच सांभाळायची नोकरी तिच्या वाट्याला आली.

त्याचं असं झालं. मधल्या काही वर्षांत खोट्या आवाजांनी लोकांचा जीव नकोसा केला होता. मुलाच्या हुबेहूब आवाजात यंत्र आईला फोन करायचं, रडायचं आणि तिला लुबाडून मोकळं व्हायचं. शेवटी कायदा आला. प्रत्येक नंबरामागे नोंदलेला माणूस किंवा संस्था हवीच. फोन वाजण्याआधी स्वतःच राष्ट्रीय नोंदणीला विचारणार, हा कोण? नाव आलं तर ते हिरव्या अक्षरांत झळकून फोन वाजणार. ‘असा कोणी नाही’ असं उत्तर आलं तर फोन गप्प बसणार. कुणी फोन केला होता याची खूणसुद्धा त्याच्यावर राहणार नाही. पलीकडच्याला मात्र रिंग वाजत असल्यासारखीच ऐकू येत राहणार, कारण आपण ओळखलो गेलो हे चोराला कळता कामा नये.

आता देशभरातले फोन दर वेळी राजधानीतल्या नोंदणीला विचारू लागले, तर ती एका दिवसात कोलमडली असती. म्हणून विभागाविभागांत एकेक केंद्र उभं राहिलं. एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर केंद्र आपल्याजवळ ठेवून घेई आणि तोच प्रश्न पुन्हा आला की तेच उत्तर जागच्या जागी देई. सांगलीच्या केंद्रात या साठ्याला सगळे ‘माठ’ म्हणत आणि राजधानीतल्या नोंदणीला ‘विहीर’. ही नावं त्रिशलाने पाडलेली. माठातल्या प्रत्येक उत्तराला मर्यादा होती. ती संपली की उत्तर ओतून द्यायचं आणि विहिरीवरून ताजं आणायचं. ‘असा कोणी नाही’ हेही एक उत्तरच, त्यामुळे तेही माठात राहायचं. पण त्याची मर्यादा फार थोडी, जेमतेम चहा पिऊन होईपर्यंतची. आज जो नाही तो उद्या नोंद करून येऊ शकतो, एवढं शहाणपण व्यवस्था बांधणाऱ्यांना होतं.

त्रिशलाचं काम माठावर नजर ठेवण्याचं. किती प्रश्न आले, त्यांतले किती माठाने परस्पर भागवले, किती झटपट भागवले, हे सगळं तिच्यासमोरच्या पडद्यावर दिसे. रेघ हिरवी असली की सगळं आलबेल. दिलेलं उत्तर खरं आहे की शिळं, हे सांगणारी रेघ त्या पडद्यावर नव्हती. ती असायला हवी, असं तिच्या मनात एकदोनदा येऊन गेलं होतं. पण तशी रेघ काढली तर ती नेहमीच थोडी लाल दिसणार, आणि आपणहून लाल रेघ काढून वरच्यांच्या डोळ्यांवर कशाला यायचं?

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर चोरांनी नवीच युक्ती काढली. लाखो बनावट नंबरांवरून एकदम फोन सुरू झाले. माठ प्रत्येकाबद्दल विहिरीला विचारी, ‘नाही’ ऐकून परत येई, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. विहिरीवर झुंबड उडाली. त्रिशलाने ‘नाही’ची मर्यादा थेट तीन दिवसांवर नेली. झुंबड ओसरली, रेघ गर्द हिरवी झाली. पुण्याहून आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं आणि बाकीच्या केंद्रांनी सांगलीकडून शिकावं असंही ते म्हणाले.

चोर पांगल्यावर तिचा सहकारी निहाल शिकलगार म्हणाला, “मॅडम, ती ‘नाही’ची मर्यादा खाली आणायची राहिलीय.”

“राहू दे की थोडे दिवस,” त्रिशला म्हणाली. “एवढं छान चाललंय.”

“नवीन नोंदणीवाल्यांना त्रास होईल. तीन दिवस त्यांचा फोनच लागायचा नाही कुणाला.”

“तक्रार आली आहे का एक तरी?”

तक्रार नव्हती. येणार कुठून? ज्याचा फोन वाजलाच नाही, तो कशाची तक्रार करणार? आणि केंद्रातल्या कुणाला हे कधी जाणवणार नव्हतं, कारण त्यांचे स्वतःचे फोन तपासणीच्या सोयीसाठी माठाला वळसा घालून थेट विहिरीलाच विचारत. निहाल आपल्या कामाला लागला. मर्यादा तीन दिवसांवरच राहिली.

या सगळ्याच्या मागे त्रिशलाचं घर वेगळ्याच काळजीत होतं. रत्नमालाबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मिरजेच्या एका इस्पितळात त्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाले. त्रिशलाचा रक्तगट जुळत नव्हता, वडील वारलेले, म्हणून रत्नमालाबाईंचं नाव किडनीच्या प्रतीक्षायादीत घातलेलं. आयुष्यभर पाणी गाळणाऱ्या बाईला आता दिवसाला मोजके घोट मिळत होते.

डायलिसिसच्या त्या थंडगार हॉलमध्ये त्यांच्या शेजारच्या खाटेवर महादेव हारगे असायचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, भरघोस मिशांचा, तोंडाचा पट्टा सतत चालू असलेला माणूस. रत्नमालाबाई घरून गोधडी नेत, आणि हारग्यांना त्यावरून चिडवल्याशिवाय चैन पडत नसे.

“काय अक्का, आज किती लिटर काढलं? आणि ती गोधडी जरा हिकडं सरकवा की. थंडीनं आमचं इंजिन धरतंय.”

“तुम्ही तोंड मिटलंत तर गार वारा आत जायचा नाही,” रत्नमालाबाई म्हणत.

दोघांचा रक्तगट एकच होता. यादीत हारगे पुढे, रत्नमालाबाई लगेच त्यांच्या मागे. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्यावरूनही थट्टा चाले. “मी उतरलो की ती सीट तुमची,” हारगे म्हणत.

मग एका सकाळी त्रिशलाचा फोन वाजला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत अवयव समन्वय कक्षाचं नाव होतं. कक्ष त्याच आठवड्यात नव्या इमारतीत गेला होता, नंबरही नवा होता. किडनी मिळाली आहे, आधीच्या रुग्णाकडून फोन उचलला जात नाही, तासाभरात आईला घेऊन या. त्रिशलाने आईच्या पायात चपला सरकवल्या आणि गाडी काढली. आधीचा रुग्ण कोण असेल, हा विचार तिने केला नाही असं नाही. पण त्या क्षणी तो तिने बाजूला सारला.

शस्त्रक्रिया नीट झाली. काही आठवड्यांतच रत्नमालाबाईंचा चेहरा उजळला. डॉक्टरांनी सांगितलं, उकळलेलं पाणी भरपूर प्या. गाळून, उकळून, मर्यादा सांभाळून त्या पेला भरून पाणी पिऊ लागल्या. पहिल्यांदा प्यायल्या तेव्हा डोळे मिटून घेतले होते.

“हारग्यांना माझी गोधडी देऊन ये,” त्या लेकीला म्हणाल्या. “मला आता लागणार नाही. बिचारे तिथे कुडकुडत असतील.”

त्रिशला गोधडी घेऊन हारग्यांच्या घरी गेली. हारगे खंगले होते, पाय सुजले होते. गोधडी हातात घेऊन त्यांनी ती नाकाशी धरली आणि हसले.

“अक्कांचा कापूर हाय बगा हिच्यात. बऱ्या हायत ना? झकास झालं. माझी सीट व्हती ती, पण मी थांब्यावर झोपलो, त्याला कोण काय करणार?”

“झोपला न्हाईत तुमी,” आतून आवाज आला. त्यांची सून रेणुका दारात उभी होती. तिशीतली, काटक बाई. डायलिसिस सुरू झाल्यापासून सासऱ्यांचा फोन तिच्याकडेच असे. “फोन माज्या हातात हुता. वाजलाच न्हाई.”

“वाजला न्हाई कसा?” तिचा नवरा बसवराज ताडकन म्हणाला. “त्यांनी पाच वेळा लावला, रिंग गेली म्हंतात. ते काय खोटं बोलत्यात?”

रेणुका दाराआड सरकली. घरातलं कुणीच तिच्याकडे पाहत नव्हतं. एवढ्यावरून त्रिशलाला कळलं की हे बोलणं या घरात रोज होतं, आणि रोज इथेच येऊन थांबतं. हारग्यांचं नाव ‘प्रतिसाद नाही’ म्हणून यादीत कितीतरी खाली गेलं होतं. रिंग गेली आणि फोन वाजला नाही, याचा अर्थ काय असू शकतो, हे त्या घरात फक्त तिलाच ठाऊक होतं.

ती तशीच केंद्रावर गेली. निहाल जेवायला बाहेर पडला होता. तिने त्या सकाळच्या नोंदी काढल्या. समन्वय कक्षाचा नवा नंबर: कामगारांनी तार जोडताना नोंदणीच्या आदल्या दिवशी तो चालतो का ते पाहण्यासाठी इकडेतिकडे फोन लावले होते. तेव्हा माठाने विहिरीला विचारलं, विहीर ‘नाही’ म्हणाली, आणि तो नकार माठात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी रीतसर नोंदणी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी हारग्यांच्या फोनने विचारलं, हा कोण? माठ म्हणाला, असा कोणी नाही. पाचही वेळा तेच. त्यानंतर थोड्याच वेळाने त्रिशलाच्या फोनने तोच प्रश्न विचारला. तिला उत्तर विहिरीवरून आलं. ताजं.

ती पडद्याकडे पाहत राहिली. सगळ्या रेघा हिरव्या होत्या. त्या सकाळचीही हिरवीच होती.

पहिली गोष्ट तिने केली ती म्हणजे मर्यादा खाली आणली. दुसरी गोष्ट करायला तिचं मन धजेना. हे सांगितलं तर काय होईल, ते तिला लख्ख दिसत होतं. नोकरी जाईल, ते एक वेळ चालेल. पण लोक म्हणतील, आवटीबाईने म्हाताऱ्याचा फोन बंद पाडला आणि किडनी आईला मिळवून दिली. तिने तसं केलं नव्हतं. पण माठ तिच्या ताब्यात, मर्यादा तिने वाढवलेली, आणि थेट विहिरीचा फोनही तिच्याच पर्समध्ये. कोण विश्वास ठेवील? आणि या बारीकसारीक नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जात. मागे उरे ती फक्त हिरवी रेघ. त्रिशलाला काही लपवायची गरजच नव्हती, नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. तेच तिने केलं, आणि त्याची तिला लाज वाटत राहिली.

“मॅडम, मर्यादा खाली आणलीत वाटतं?” निहालने विचारलं.

“हो. सहजच.”

त्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

पुढच्या आठवड्यात केंद्राच्या दारावरून निरोप आला, कुणी रेणुका हारगे भेटायला आली आहे. त्रिशला खाली गेली. रेणुका पदर आवळून बाकावर बसली होती. तिला पाहताच उठून उभी राहिली.

“ताई, तुमी फोनचंच काम करता म्हणं. अक्का बोलल्या हुत्या एकदा हॉलमधी. तुमच्याकडं दिसतंय का ओ, त्या दिवशी आमचा फोन वाजला का न्हाई ते?”

आत्ता सांगावं. इथेच, दोन वाक्यांत. समोरच्या बाईचा चेहरा इतका साधा आणि आशेने भरलेला होता की सांगणं अगदी सोपं होतं.

“आमच्याकडे तसं काही दिसत नाही,” ती म्हणाली. “सगळं व्यवस्थित चालू होतं त्या दिवशी.”

“म्हंजे वाजला असंल.”

“असेल.”

रेणुका खाली बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “मग मलाच ऐकू आला नसंल. मी तर फोन असा मुठीत धरून बसले हुते, ताई. पण मशिन कशाला खोटं बोलंल? कानाच्या डॉक्टरकडं जाऊन येते एकदा.” आणि जाता जाता वळून म्हणाली, “तुमी एवढ्या कामातनं खाली आलासा, लई उपकार झाले.”

त्रिशला पायऱ्यांवर बसून राहिली. शेजारून येणारे-जाणारे विचारत होते, मॅडम, बरं वाटत नाही का? तिने मानेनेच काही नाही म्हटलं. एका बाईचा तिच्या स्वतःच्या कानांवरचा विश्वास आपण काढून घेतला, आणि तिने आपले आभार मानले. त्रिशलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी ती उठली, वर गेली आणि कामाला लागली.

त्यानंतर घरात तिला आईचं पाणी पिणं बघवेना. रत्नमालाबाई पेला तोंडाला लावायच्या आणि त्रिशला काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरातून बाहेर पडायची. आईच्या ते लक्षात आलं होतं, पण ती विचारत नव्हती.

एका दुपारी हारग्यांचा फोन आला. रत्नमालाबाई बराच वेळ ऐकत होत्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, “रेणुकाने कान तपासून घेतले. ठणठणीत निघाले.”

“बरं झालं,” त्रिशला म्हणाली.

“काय बरं झालं? बसवराज आता म्हणतोय, ऐकू येत होतं तर उचलला का नाहीस? सासऱ्याचं करून कंटाळली होतीस, म्हणून मुद्दाम उचलला नाहीस. घरातला फोन तिच्या हातात देत नाहीत म्हणे. हारगे रडत होते गं. तो माणूस कधी रडायचा नाही.”

त्रिशला ओट्याला टेकून उभी होती. माठावर ओलं फडकं वाळत घातलेलं होतं. तिने त्याच्याकडे पाहत सगळं सांगितलं. दिवाळीतले चोर, तीन दिवसांची मर्यादा, निहालचा प्रश्न, शिळा नकार, आपला ताजा फोन. सांगताना तिने एकदाही आईकडे पाहिलं नाही. आणि एवढं सगळं सांगून, रेणुका केंद्रावर येऊन गेली होती हे मात्र ती बोलली नाही.

रत्नमालाबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांचा हात आपसूक पोटाच्या उजव्या बाजूला गेला, टाके होते तिथे.

“तू मुद्दाम केलंस का?”

“नाही, आई. तुझी शप्पथ.”

“शप्पथ घेऊ नकोस. नाही केलंस ना? मग सांगायला काय झालं होतं तुला?”

त्रिशला माठावरचं फडकं नीट करत राहिली. रत्नमालाबाईंनी टाक्यांवरचा हात काढला नाही. मग म्हणाल्या, “कुणी न दिलेलं घ्यायचं नाही, एवढं एक जन्मभर सांभाळलं मी. कुणाच्या झाडाचं फूल तोडलं नाही विचारल्याशिवाय. आणि हे बघ काय घेऊन बसले.”

“तुला कुठे माहीत होतं?”

“आता आहे ना माहीत.” त्या भिंतीला धरून उठल्या. “तुमच्या साहेबांना, त्या यादीवाल्यांना, ज्यांना ज्यांना कळवायचं त्यांना आज कळव. पुरावा पुसला जायच्या आत. मग मला हारग्यांकडे घेऊन चल.”

“तुला गर्दीत जायचं नाही, डॉक्टरांनी...”

“मास्क लावीन. आधी कळव.”

त्रिशलाने कळवलं. नोंदी जोडल्या, मर्यादा कुणी वाढवली आणि का ठेवली तेही स्वतःच्या नावानिशी लिहिलं. पाठवण्याआधी निहालला वाचायला दिलं. त्याने वाचून एवढंच म्हटलं, “मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही, मॅडम. माझंही नाव घाला.” दोन दिवसांत तिच्यावर चौकशी बसली आणि तिला घरी थांबायला सांगण्यात आलं. समन्वय कक्षाने कळवलं की हारग्यांचं नाव पूर्वीच्या जागी घेतलं जाईल. ती जागा म्हणजे किडनी नव्हे, हे सगळ्यांनाच कळत होतं.

मग मायलेकी हारग्यांच्या घरी गेल्या. हारगे खाटेवर तीच गोधडी गुंडाळून बसले होते. रेणुकाने रिवाजाप्रमाणे दोघींपुढे पाण्याचे पेले ठेवले आणि दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली. त्रिशलाने सांगायला सुरुवात केली. घरी आईला सांगितलं त्यापेक्षा साध्या शब्दांत सांगितलं, कुणाला विचारावं लागू नये असं. आम्ही उत्तरं साठवतो त्याला माठ म्हणतो, आणि राजधानीतल्या नोंदणीला विहीर. आमच्या माठाने तुमच्या फोनला शिळं, खोटं उत्तर दिलं. त्याला ते उत्तर धरून ठेवायला मी सांगितलं होतं. माझा फोन माठाला विचारत नाही, थेट विहिरीला विचारतो, म्हणून तो वाजला. तुमचा वाजलाच नाही. रेणुकाताई खरं बोलत होत्या.

बसवराजने खिशातून वडिलांचा फोन काढला, रेणुकासमोरच्या फळीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माफी त्याला मागता येत नव्हती. रेणुकाने फोन उचलला नाही.

“दादा,” रत्नमालाबाई मास्कच्या आडून म्हणाल्या, “तुमचं होतं ते माझ्या पोटात आहे. मला काय बोलावं ते सुचत नाही.”

हारग्यांनी मिशीवरून हात फिरवला. थट्टा करायला ओठ उघडले, पण ती जमली नाही. “असूंदे, अक्का,” ते म्हणाले. “परत करता येतंय व्हय ते? तुमी पाणी पीत जावा पोटभर. एकानं तरी.”

रत्नमालाबाई रडू लागल्या. त्रिशलाने आईच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, सगळ्यात अवघड होतं ते आता सरलं. छातीवरचं ओझं थोडं उतरल्यासारखंही वाटलं, आणि तेवढ्यात रेणुका बोलली.

“ताई, हे तुमाला कवा कळलं?”

“काही आठवड्यांपूर्वी,” त्रिशला म्हणाली. “इथे गोधडी द्यायला आले होते, त्या दिवशी.”

“मी तुमच्याकडं आले हुते, त्याच्या आधी?”

बसवराजने भिंतीकडून तोंड वळवलं. आईची पाठ आपल्या तळहाताखाली ताठ झालेली त्रिशलाला जाणवली. हे एवढंच तिने कुणाला सांगितलं नव्हतं, चौकशीच्या कागदातही नाही.

“हो,” ती म्हणाली. “आधीच कळलं होतं.”

“म्हंजे मी विचारलं तवा तुमाला ठावं हुतं.”

“हो.”

रेणुकाने मान हलवली. रागावल्यासारखी नाही, एखाद्या गोष्टीचा हिशेब लागावा तशी. रत्नमालाबाईंनी लेकीचा हात आपल्या पाठीवरून हळूच काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. कुणीतरी ओरडावं, हाकलून द्यावं, असं त्रिशलाला फार वाटत होतं. कुणी तसं केलं नाही.

रेणुका पुढे आली. फळीवरचा फोन उचलून तिने कमरेला खोचला. मग वाकून त्रिशलापुढचा पेला, जो तिने तोंडालाही लावला नव्हता, तो जरा तिच्याकडे सरकवला.

“पाणी घ्या, ताई,” ती म्हणाली. “आत्ताच भरलंय. शिळं न्हाई.”

त्रिशलाने पेला उचलला आणि मान खाली घालून ती सगळं पाणी प्यायली.